छोट्या क्यूचा अर्थ : मैदानी स्पर्धेचा निकाल कसा वाचायचा

विभागीय शालेय मैदानी स्पर्धेचा पहिला दिवस. बालेवाडीच्या स्टेडियमवर ऊन चढलं होतं आणि पायऱ्यांखालच्या सावलीत एका भिंतीवर निकालाचे कागद सेलोटेपने चिकटवणं चालू होतं. मी टाइमकीपरच्या जागेवरून पाणी प्यायला तिकडे गेले होते. अकोले तालुक्यातून आलेले एक गृहस्थ मुलीची स्पाईक्सची पिशवी खांद्याला अडकवून त्या कागदासमोर उभे होते. मुलगी शेजारीच बसून वडापाव खात होती. बुटांच्या नाड्या सोडलेल्या, छातीवरच्या नंबरच्या दोन पिना काढलेल्या.

“काय झालं, दादा?” मी विचारलं.

“शंभर मीटरला तिसरी आली, मॅडम. प्रत्येक हीटमधून दोघीच फायनलला जाणार म्हणत होते. निघतो आता. वाकडेवाडीहून दुपारची एसटी मिळाली तर बरं.”

कागदावर तिच्या नावासमोर वेळ होती, १३.३१, आणि वेळेच्या पुढे इंग्रजीतला बारीक क्यू. मी त्यावर बोट ठेवलं. फायनल चार वाजता होती आणि ही मुलगी फायनलमध्ये होती.

तिने उरलेला वडापाव वडिलांच्या हातात दिला आणि नाड्या बांधायला घेतल्या.

मी आणखी पाच मिनिटं उशिरा पाणी प्यायला गेले असते, तर हे दोघं गेटच्या बाहेर पडले असते. वर्षभराची मेहनत एका अक्षरामुळे वाया गेली असती, आणि घरी सगळ्यांनी “तिसरी आली, पुढे गेली नाही” हेच धरून ठेवलं असतं. मला हे फार लागतं. मुलांना पळायला शिकवणारे शिक्षक आहेत, पण निकालाचा कागद वाचायला पालकांना कोणी शिकवत नाही. म्हणून हा लेख.

तर आधी तो क्यू. हीट म्हणजे पहिली फेरी. धावपटू जास्त आणि लेन आठ, म्हणून गट पाडावे लागतात. समजा तीन हीट आहेत. प्रत्येक हीटमधल्या पहिल्या दोघी थेट फायनलला गेल्या की सहा जागा भरतात. त्यांच्या नावापुढे मोठा क्यू लागतो. उरलेल्या दोन जागा, तिन्ही हीटमधल्या बाकीच्या मुलींत ज्यांची वेळ सगळ्यात चांगली, त्या दोघींना मिळतात. त्यांना छोटा क्यू. एखादी हीट वेगवान निघाली तर तिच्यातली तिसरी मुलगी दुसऱ्या हीटच्या विजेतीपेक्षाही जोरात पळालेली असू शकते. छोटा क्यू अशाच मुलींसाठी आहे. किती जणी क्रमांकावर आणि किती वेळेवर जाणार, हे शर्यतीच्या आधीच ठरलेलं असतं. ते कॉल रूमपाशी, म्हणजे शर्यतीआधी खेळाडूंची हजेरी घेतात तिथे, विचारून ठेवावं.

दोन शिड्या

पालकांचा पहिला गोंधळ मात्र मैदानावर येण्याच्या आधीच झालेला असतो. मूल नेमकं कुठल्या स्पर्धेत पळतंय? महाराष्ट्रात लहान खेळाडूंसाठी दोन वेगळ्या शिड्या आहेत आणि दोन्हींच्या पायऱ्यांना जवळजवळ सारखीच नावं आहेत.

पहिली शिडी शाळेची. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग भारतीय शालेय खेळ महासंघाची राष्ट्रीय स्पर्धा. राज्यापर्यंतचं काम क्रीडा व युवक सेवा संचालनालय आणि जिल्ह्याजिल्ह्यातली क्रीडा कार्यालयं बघतात. क्रीडा खात्याने राज्याचे आठ विभाग केले आहेत. आपल्या पुणे विभागात पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर हे जिल्हे येतात आणि मोठ्या महानगरपालिकांचे संघ वेगळ्या जिल्ह्यासारखे धरले जातात. त्यामुळे कोथरूडचा मुलगा आणि मुळशीचा मुलगा एकाच जिल्ह्यात राहूनही विभागीय स्पर्धेत वेगवेगळ्या संघांतून समोरासमोर येतात. या शिडीवर वयोगट तीन : १४, १७ आणि १९ वर्षांखालील.

दुसरी शिडी संघटनेची. जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि वर भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघ. इथे शाळेचा संबंध नाही. मूल क्लबकडून किंवा जिल्ह्याकडून पळतं. वयोगट १४, १६, १८ आणि २० वर्षांखालील. या शिडीवर राज्य आणि राष्ट्रीय यांच्या मध्ये पश्चिम विभागाची कनिष्ठ गटाची स्पर्धा असते, आणि तिथे महाराष्ट्राच्या मुलांसमोर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा अशा राज्यांतली मुलं उभी राहतात. म्हणजे ‘विभाग’ हा एकच शब्द एकीकडे तीन जिल्ह्यांसाठी आणि दुसरीकडे अनेक राज्यांसाठी वापरला जातो. “विभागीय पदक आहे” असं कोणी सांगितलं तर कुठल्या शिडीवरचं, हे विचारल्याशिवाय त्याचा अंदाज येत नाही.

दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण यांसाठी कुठली स्पर्धा आणि कुठली पातळी धरतात, याचे नियम बदलत असतात. चालू शासन निर्णय स्वतः वाचावा, ऐकीव माहितीवर विसंबू नये. या विषयावर एवढंच.

घड्याळ आणि वारा

त्या वडिलांनी मला पुढचा प्रश्न विचारला तो असा : “मॅडम, जिल्ह्याला हिची वेळ १३.१ होती. इथे १३.३१. म्हणजे मंदावलीच की.”

अजिबात नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत माझ्यासारखा कोणीतरी हातात स्टॉपवॉच घेऊन शेवटच्या रेषेवर उभा असतो. आम्ही बंदुकीच्या आवाजाची वाट बघत नाही, धूर किंवा ठिणगी दिसली की बटण दाबतो. आवाजाला शंभर मीटर यायला सेकंदाचा पाव भागाहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे आवाजावर विसंबलं तर वेळ चुकलीच. पण धूर दिसल्यापासून अंगठा दाबला जाईपर्यंतही थोडा वेळ जातोच. शेवटी मात्र धावपटू रेषेकडे येताना दिसत असतो, त्यामुळे अंगठा तयार असतो. सुरुवात उशिरा, शेवट वेळेवर. म्हणून हाताने घेतलेली वेळ खऱ्यापेक्षा कमी भरते.

विजेच्या घड्याळाचं तसं नाही. ते बंदुकीलाच जोडलेलं असतं आणि शेवटच्या रेषेवरचा कॅमेरा त्या एका बारीक रेषेची सेकंदाला हजार किंवा त्याहून जास्त चित्रं टिपतो. दोन्ही वेळा शेजारी ठेवायच्या असतील तर जगभर सरळ हिशोब करतात : ३०० मीटरपर्यंतच्या शर्यतीत हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवायचे. जिल्ह्याचे १३.१ म्हणजे इथले १३.३४. मुलगी १३.३१ पळाली, म्हणजे उलट सुधारली. शिवाय हाताची वेळ नेहमी पुढच्या दशांशावर नेतात. घड्याळात १३.०२ दिसले तरी कागदावर १३.१ लागतात. हे ऐकल्यावर ते गृहस्थ मुलीकडे वळून नुसते हसले.

शेवटच्या रेषेवर काय मोजतात, हेही सांगायला हवं, कारण तिथे दर स्पर्धेत भांडणं होतात. डोकं, मान, हात, पाय यांतलं काहीही आधी पोचलं तरी त्याला किंमत नाही. धड रेषेला कधी पोचलं तेच बघतात. म्हणून शिकवलेली मुलं शेवटच्या पावलाला छाती पुढे झोकतात आणि न शिकवलेली मुलं हात पुढे करतात. हात पुढे केला की खांदा फिरतो आणि धड मागे राहतं. डोळ्यांना पहिला दिसलेला मुलगा फोटोत दुसरा निघतो तो यामुळे.

आणि आता वारा. १०० आणि २०० मीटर, सरळ ट्रॅकवरची अडथळ्यांची शर्यत, लांब उडी आणि तिहेरी उडी या प्रकारांत निकालासमोर अधिक किंवा उणे चिन्ह लावून एक आकडा लिहितात. अधिक म्हणजे वारा पाठीवर, उणे म्हणजे छातीवर. पाठीवरचा वारा सेकंदाला २.० मीटरच्या वर गेला तर क्रमांक कायम राहतो, पदकही मिळतं, पण ती वेळ विक्रम म्हणून धरत नाहीत. २ मीटरच्या पाठीवरच्या वाऱ्याने चांगल्या धावपटूला शंभर मीटरमध्ये साधारण दशांश सेकंदाचा फायदा होतो. विभागाच्या फायनलमध्ये तिसऱ्या आणि सहाव्या क्रमांकात कधीकधी तेवढंच अंतर असतं. प्रत्येक विभागीय स्पर्धेला वाऱ्याचं यंत्र असतंच असं नाही. असेल तेव्हा तो आकडा वेळेइतकाच जपून लिहून घ्यावा.

“तिला पुढे उभं केलं”

ही तक्रार प्रत्येक ४०० मीटरच्या वेळी ऐकू येते. आठव्या लेनमधली मुलगी पहिल्या लेनमधलीपेक्षा ५३ मीटर पुढे उभी असते आणि पायऱ्यांवरून ते खरंच अन्यायासारखं दिसतं. हिशोब मात्र सरळ आहे. पहिल्या लेनची फेरी बरोबर ४०० मीटरची. प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद. बाहेरच्या लेनचं वळण तेवढं मोठं, आणि एक लेन बाहेर गेलं की पूर्ण फेरीत सुमारे साडेसात मीटर वाढतात. ती वाढ सुरुवातीलाच कापून टाकतात. ८०० मीटरला मुली फक्त पहिल्या वळणापर्यंत आपापल्या लेनमध्ये असतात. तिथली खुणेची रेषा ओलांडली की सगळ्या आत येतात. त्या रेषेच्या आधी आत शिरलेली मुलगी बाद होते.

बंदुकीच्या आधी सुटणाऱ्याला २०१० पासून दुसरी संधी नाही. एकदा चूक झाली की लाल-काळं कार्ड आणि बाहेर. पूर्वी पहिली चूक माफ होती. बारा-तेरा वर्षांची मुलं पाच तास एसटीत बसून येतात आणि एका थरथरीपायी न पळताच परत जातात, हे बघणं मला आजही जड जातं. यावर सरावातच उपाय आहे. ‘सेट’ म्हटल्यावर श्वास धरून स्तब्ध राहायचं आणि आपण होऊन अंदाज बांधायचा नाही, हे शाळेच्या मैदानावर शंभर वेळा करून घ्यावं. टाळी वाजवून घ्या, डबा आपटून घ्या, बंदूक नसली तरी चालेल.

वाळू, काठी आणि वर्तुळ

पालक ट्रॅकच्या बाजूला गर्दी करतात आणि मैदानाच्या आतले प्रकार ओस पडतात. माझं मन मात्र तिथेच रमतं. मी स्वतः लांब उडी मारायचे.

लांब उडीच्या पट्टीपाशी एकदा दहा मिनिटं उभं राहून बघा. पांढरी पट्टी २० सेंटिमीटर रुंद. तिच्या पुढच्या कडेला प्लॅस्टिसिनचा, म्हणजे बुटाची खूण उमटेल अशा मऊ लगद्याचा, पट्टा. एक पंच पट्टीला डोळे लावून बसलेला, हातात लाल आणि पांढरं अशी दोन निशाणं. पुढे वाळूपाशी दोन मुलं दाताळं घेऊन उभी. मुलगी धावत येते, पट्टीवर पाय आपटतो, वाळू उडते. पांढरं निशाण वर गेलं की मोजणी. वाळूत अंगाची जी खूण पट्टीच्या सगळ्यात जवळ असेल तिथपासून पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत. टाचा पाच मीटरवर टेकल्या, पण तोल जाऊन हात मागे साडेचार मीटरवर पडला, तर साडेचारच लागतात. आणि पाय पट्टीच्या १५ सेंटिमीटर मागून उचलला असेल, तर ते १५ सेंटिमीटर कोणाच्याच खात्यात जात नाहीत. कागदावर ४.६० लिहिलेली मुलगी प्रत्यक्षात ४.७५ उडालेली असते. हे कागद सांगत नाही. ते बघायला पट्टीपाशी उभंच राहावं लागतं. उडी कमी पडली की पाऊल चुकलं, यावर पुढच्या सहा महिन्यांचा सराव ठरतो.

नियमही बदलला आहे. पूर्वी प्लॅस्टिसिनवर बुटाची खूण उमटली तर फाऊल धरत. २०२१ च्या नोव्हेंबरपासून बुटाचं टोक पट्टीच्या पुढच्या कडेवरच्या उभ्या काल्पनिक भिंतीला ओलांडून गेलं तरी फाऊल, खूण उमटो न उमटो. “पट्टीवर खूण नाही, मग लाल निशाण कसं?” असं विचारत पंचांशी वाद घालणाऱ्या मार्गदर्शकांपर्यंत हा बदल पोचलेला नसतो.

प्रत्येकीला तीन उड्या. पहिल्या आठ जणींना आणखी तीन. दोघींची सर्वोत्तम उडी सारखी निघाली तर जिची दुसऱ्या क्रमांकाची उडी मोठी, ती वर.

उंच उडीचा कागद सगळ्यात अवघड दिसतो : नुसते गोल, फुल्या आणि आडव्या रेघा. गोल म्हणजे काठी पार, फुली म्हणजे पडली, रेघ म्हणजे ती उंची सोडली. लागोपाठ तीन फुल्या झाल्या की खेळ संपला. आता समजा दोघी १.४८ मीटर पार करतात आणि दोघींनाही १.५१ जमत नाही. आधी बघायचं, १.४८ कोणी कमी प्रयत्नांत पार केलं. दोघींनीही दुसऱ्या प्रयत्नात केलं असेल तर शेवटच्या पार केलेल्या उंचीपर्यंतच्या एकूण फुल्या मोजायच्या. एकीची १.४० ला एक फुली आहे, दुसरीची नाही. दुसरी जिंकली. तासाभरापूर्वी, सगळे गप्पा मारत असताना, सोप्या उंचीवर निष्काळजीपणे पाडलेली ती काठी पदक घेऊन गेली. मी हे माझ्या डोळ्यांनी तीन वेळा घडताना पाहिलं आहे.

फेकीच्या प्रकारांत नजर वजनावर हवी. वरिष्ठ पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, २० वर्षांखालील मुलांचा ६ आणि १८ वर्षांखालील मुलांचा ५ किलोचा. भाला पुरुषांचा ८०० ग्रॅमचा, १८ वर्षांखालील मुलांचा ७००, आणि त्याच वयाच्या मुलींचा ५००. त्यामुळे गट बदलला की आकडा खाली येणारच. गेल्या वर्षी १६ मीटर गोळा टाकणारा मुलगा या वर्षी १४ वर आला म्हणून घरात सुतक पाळण्याआधी हातातला गोळा किती किलोचा होता ते विचारावं.

आणि गोळाफेकीत एक गोष्ट दरवर्षी घडते. मुलगा आयुष्यातला सर्वोत्तम गोळा टाकतो, तो पडताना बघतो आणि आनंदाच्या भरात वर्तुळातून पुढच्या बाजूने बाहेर चालत येतो. लाल निशाण. वर्तुळातून मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर पडायचं असतं, तेही गोळा जमिनीवर टेकल्यानंतर. टाकल्यावर थांबायचं आणि मागे वळून बाहेर यायचं, हे सरावात प्रत्येक फेकीनंतर करून घेतलं तरच अंगवळणी पडतं.

वय : कागदावर नसलेला आकडा

इतका वेळ जे सांगितलं ते नियमपुस्तकात सापडतं. आता जे सांगायचं आहे त्यासाठी मी खरं तर लिहायला बसले.

शालेय स्पर्धांत वयाची रेषा १ जानेवारीला पडते. त्या तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगी १४ वर्षांखालील गटात बसते, आणि ३१ डिसेंबरला जन्मलेली तिची वर्गमैत्रीण सरळ १७ च्या गटात जाते. दोघींत एका दिवसाचं अंतर. पहिली आपल्या गटात सगळ्यात मोठी, दुसरी आपल्या गटात सगळ्यात लहान. १७ च्या गटात तर सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मुलीत जवळजवळ तीन वर्षांचं अंतर पडू शकतं. या वयात तीन वर्षं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात मुलं वाढली आहेत त्यांना सांगायला नको.

आणि जन्मतारीख सारखी असली तरी शरीरं सारखी नसतात. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींत साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण कोणाला तो दीड-दोन वर्षं आधी येतो, कोणाला तेवढाच उशिरा. तेरा वर्षांच्या दोन मुलांत एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. गोळा पहिला मुलगाच जिंकणार, त्यात नवल काय? त्याने फसवणूक केलेली नाही आणि दुसऱ्यात काही कमी नाही. उंची भरभर वाढत असताना हातापायांची लांबी बदलते, जमलेली पावलं चुकायला लागतात आणि वर्षभर वेळ जागची हलत नाही. याच वर्षात कित्येक घरांत “आता अभ्यासाकडे बघ” असं ठरतं आणि मूल मैदान सोडतं.

वय चोरण्याचा प्रकारही आहे, तो झाकून उपयोग नाही. मी पंधरा वर्षांची असताना ज्या मुलीकडून लांब उडीत हरले, तिचा जन्मदाखला पुढे खोटा निघाला. मी त्यानंतर वर्षभर वाळूत पाय ठेवला नाही. त्या एका वर्षाचं मला आजही वाईट वाटतं. वयाच्या फसवणुकीविरुद्ध केंद्र सरकारने २०१० मध्ये राष्ट्रीय संहिता आणली. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची वाढ कितपत झाली आहे ते ठरावीक पद्धतीने बघतात. पण हाडांचं वय आणि जन्मतारखेचं वय निकोप मुलांतही वर्षभराने मागेपुढे असू शकतं. त्यामुळे या तपासणीत एखादं प्रामाणिक, लवकर वाढलेलं मूलही अडकतं. खरा दाखला, जन्मनोंदीची मूळ प्रत आणि शाळेतल्या नोंदी जुळवून ठेवणं हेच पालकांच्या हातात आहे.

अ‍ॅथलेटिक्स महासंघालाही हे कळलेलं आहे. १४ वर्षांखालच्या मुलांसाठी राष्ट्रीय आंतरजिल्हा स्पर्धेत धाव, उडी आणि फेक यांची एकत्रित ट्रायथलॉन ठेवली, ती मुलाला लहानपणीच एका खेळप्रकाराला जखडून टाकू नये म्हणून.

तीन उदाहरणं शेजारी ठेवते. नीरज चोप्राने २०१६ मध्ये पोलंडमधल्या बिडगोश्च इथे २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ८६.४८ मीटर भाला फेकून त्या गटाचा जागतिक विक्रम केला. टोकियोचं सुवर्ण त्यानंतर पाच वर्षांनी आलं, आणि आपल्या पुण्यात लष्कराच्या क्रीडा संस्थेतलं स्टेडियम आता त्याच्या नावाने ओळखलं जातं. कनिष्ठ गटातून सरळ वर गेलेला खेळाडू तो असा. आणि दुसरा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. बारावीनंतर लष्करात गेला आणि तिथेच पुढे धावण्याकडे वळला. त्याने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीत, ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर मॅरेथॉनकडून स्टीपलचेसकडे आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत दहावी आली. चौदाव्या वर्षीच्या निकालाच्या कागदावरून यांच्यातलं कोण कुठवर जाईल, हे कोणालाही सांगता आलं नसतं.

तक्रार करायची असेल तर

मुदत असते, आणि ती फार थोडी. निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून ३० मिनिटं. आधी खेळाडूने किंवा त्याच्या वतीने जबाबदार माणसाने मुख्य पंचांना (रेफ्रींना) तोंडी सांगायचं. निर्णय पटला नाही तर लेखी अपील, त्यासोबत ठरलेली अनामत रक्कम. आरडाओरडा करण्यात अर्धा तास निघून जातो आणि नंतर रास्त तक्रारही ऐकून घेता येत नाही. शर्यत झाल्यावर मुलाला पाणी द्या आणि थेट निकालाच्या भिंतीकडे जा. नावापुढे ‘डीक्यू’ असेल तर बाद, ‘डीएनएफ’ म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही, ‘डीएनएस’ म्हणजे पळायला उभंच राहिलं नाही, आणि ‘एनएम’ म्हणजे तिन्ही प्रयत्न फाऊल. मूल पळालेलं असताना ‘डीएनएस’ लागल्याचंही मी पाहिलं आहे. चेस्ट नंबर चुकीचा लिहिला गेला होता, वेळेत सांगितलं म्हणून दुरुस्त झालं.

चारची फायनल सव्वाचारला झाली. अकोले तालुक्यातली ती मुलगी सातवी आली. यावेळी वडील स्वतःच कागदापाशी माझ्याआधी पोचले होते आणि चेहरा उतरलेला होता.

“१३.४२, मॅडम. सकाळपेक्षा कमीच पळाली.”

मी दोन्ही कागद शेजारी दाखवले. सकाळच्या हीटला वारा अधिक ०.९. दुपारी वारा फिरला होता, फायनलला उणे १.६. सकाळी पाठीवर हात ठेवून ढकलणारा वारा दुपारी छातीवर आडवा आला होता. तो हिशोबात धरला तर ती सकाळइतकीच, कदाचित किंचित सरसच पळाली होती. आणि तिच्या पुढच्या सहाही जणी तिच्यापेक्षा मोठ्या होत्या, त्यातल्या चौघींचं हे या गटातलं शेवटचं वर्ष होतं.

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सकाळच्या एसटीच्या तिकिटामागे लिहायला लागले. १३.३१. १३.४२. तारीख.

मुलगी स्पाईक्स हातात घेऊन अनवाणी उभी होती. तिने तिकिटावर वाकून पाहिलं.

“बाबा, वारा पण लिहा.”